घरचं दूध

ओपुनाके रस्ता, तारानाकी, न्यूझीलंड
४ ऑगस्ट

प्रिय कर्स्टी,

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. तीन वर्षांत तुझ्या हातचं पहिलं अक्षर, आणि तेही सहा ओळी. गेल्या वर्षी बाबांच्या अंत्यविधीला ब्रिस्बेनहून एकटी आलीस तेव्हा माझ्याकडे पाठ करून बसली होतीस, त्या मानाने सहा ओळी म्हणजे चंगळच. फोन करायचा नाही, लिहायचंच असेल तर लिही, असं बजावलं आहेस, म्हणून लिहितेय.

तुझी अट समजली. दहा पट्ट्या पाठवल्या आहेस. दूध नसलेले दहा गोड पदार्थ करायचे, प्रत्येकातला घासभर पाण्यात कालवायचा आणि त्यात पट्टी बुडवायची. एक रेघ उमटली तर पदार्थ स्वच्छ, दोन उमटल्या तर त्यात कुठेतरी दूध आहे. दहाही पट्ट्यांवर एकेकच रेघ आली आणि त्यांचे फोटो तुझ्या हातात पडले, तर नाताळला ब्रायरला घेऊन येशील. नाहीतर नाही. एकेचाळीस वर्षं मी गायींच्या धंद्यात काढली, दूध तपासायला येणारे साहेबसुद्धा माझ्याशी याहून गोड बोलायचे. पण तुझंही बरोबर आहे. पोरीला दुधाचा थेंब चालत नाही, आणि गेल्या खेपेला ती या घरातून बाहेर पडली ती रुग्णवाहिकेतून. तेव्हा चार वर्षांची होती. आता सात पूर्ण झाली असेल. पुढचे दात पडले का गं तिचे?

तर सुरुवात केली. पहिला पदार्थ सोपा घेतला, तांदळाची खीर. अर्धी वाटी आखूड दाण्याचा तांदूळ, नारळाच्या दुधाचा एक डबा, त्याच डब्याने पाणी, साखर, मिठाची कणी आणि वरून जायफळ. मंद आचेवर पाऊण तास ढवळत राहायचं, बाकी काही कौशल्य लागत नाही. शेजारच्या ग्लेनिसने चाखून सांगितलं की आपल्या नेहमीच्या खिरीहून बरी लागते. ग्लेनिसला तू ओळखतेस, ती फुकट कुणाचं कौतुक करत नाही.

पट्टीवर एकच रेघ आली. फोटो सगळे एकदम पाठवते.

गायी आता नाहीत, हे तुला माहीत आहेच. बाबा गेले त्याच हिवाळ्यात कळप विकला, दुधाची टाकी उचलून नेली, गोठ्यात आता ग्लेनिसच्या नवऱ्याचा ट्रॅक्टर असतो. उरलाय तो फक्त टॅग. कुत्रा कसला, पायपुसणं झालंय त्याचं, दिवसभर चुलीपाशी पडून असतो. तेव्हा या घरात दूध यायला आता वाटच उरलेली नाही. तू निर्धास्त राहा.

तुझी
आई


१ सप्टेंबर

प्रिय कर्स्टी,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. खिरीच्या पट्टीवर दोन रेघा आल्या होत्या. पहिल्याच खेपेला नापास झाले, हे तुला कळवायची मला लाज वाटली.

मग मी कंबर कसली. लाकडी चमच्यांत इतक्या वर्षांचं दूध मुरलेलं असणार, म्हणून ते सगळे चुलीत घातले. पातेली चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीला दिली. फ्रिज रिकामा करून त्याचे कप्पे उकळत्या पाण्याने धुतले. दुकानातलं ते लोण्याऐवजी वापरायचं मार्गारीन आणलं होतं, त्याच्या डब्यावरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली, तर त्यातही दुधाची भुकटी निघाली. तोही डबा कचऱ्यात. ग्लेनिस म्हणाली, नोलीन, आता भिंती तेवढ्या उकळायच्या राहिल्यात.

नंतर फिजोआचा क्रंबल केला. उन्हाळा संपताना बरणीत भरून ठेवलेली फळं, वर ओट, कणीक, तपकिरी साखर आणि लोण्याच्या जागी तेल चोळून भाजायचं. दोन रेघा. मग मी हट्टाला पेटले आणि नुसती केळी घेतली. चकत्या करून बर्फात गोठवायच्या आणि काट्याने चेचायच्या, अगदी आईस्क्रीमसारखं होतं. वाटी नवी, काटा नवा, दुकानाची चिठ्ठीही अजून चिकटलेली. दुसरं काही म्हणजे काही घातलं नाही. दोन रेघा, आणि दुसरी पहिलीपेक्षा गडद.

केळ्यात दूध कुठून येणार, सांग बरं. पट्ट्याच खराब निघाल्या असणार असं धरून मी त्याच घडातली केळी घेऊन ग्लेनिसकडे गेले आणि तिच्या ओट्यावर तसंच केलं. तिथे एकच रेघ आली. म्हणजे पट्ट्या चांगल्या आहेत.

तेव्हा मी असं ठरवलंय की सगळे पदार्थ ग्लेनिसकडेच करायचे. नाताळलाही तिकडूनच करून आणीन, झाकण घट्ट लावून. एवढं चालेल ना? पट्ट्यांचं अजून एक पाकीट मात्र पाठव.

मी घाईघाईत काही करत नाही, हे तुला माहीत आहे. त्या दिवशी केळी वाटीत काढून मी फक्त दोरीवरचे कपडे काढायला गेले होते. पाच मिनिटं म्हण. संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. परत आले तेव्हा वाटी जिथल्या तिथे होती, पण तिच्याभोवती ओट्यावर ओलं होतं.

तुझी
आई


१३ ऑक्टोबर

प्रिय कर्स्टी,

सोबत दहा फोटो आहेत, औषधांच्या दुकानातल्या पोरीकडून छापून घेतले. भिंग लावून बघ, दहाही ठिकाणी एकच रेघ आहे. सगळे पदार्थ ग्लेनिसच्या घरी केलेत, लपवत नाही.

पावलोवा तर मुळातच बिनदुधाचा, अंड्याचा पांढरा भाग आणि साखर. वरच्या सायीच्या जागी फक्त गार करून फेटलेली नारळाची साय आणि र्‍हुबार्बचे आंबट देठ शिजवून. गोल्डन सिरपमधले गोळे तेलात मळले, त्यांना काही फरक पडला नाही. अ‍ॅव्होकाडो आणि कोको फेटून मऊशार गोड केलं, ते ग्लेनिसच्या नवऱ्याने तीन वाट्या खाल्लं आणि मग आम्ही त्याला सांगितलं की त्यात काय आहे. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. संत्र्याच्या रसाची जेली ब्रायरला आवडेल, काचेसारखी पारदर्शक होते. तिची एक वाटी मी घरी आणली होती. जाऊ दे, तिचं राहू दे.

एक विचारायचं होतं. बाबांची ती दुधाची किटली आठवते का, पत्र्याची, कडीला वायर गुंडाळलेली? संध्याकाळची धार आटोपली की टाकीतलं घरापुरतं दूध ते त्या किटलीतून आणायचे आणि मागच्या पायरीवर ठेवून गमबूट काढायचे. साडेपाचला घड्याळ लावून घ्यावं. ती किटली मी पातेल्यांबरोबर विक्रीला दिली होती. आता ती मागच्या पायरीवर आहे. तू कुणाला सांगून ती परत आणवलीस का? बाबांची आठवण म्हणून? तसं असेल तर काही हरकत नाही, फक्त कळव. रिकामी आहे, काळजी करू नकोस.

आणि मला वेड लागलेलं नाही. लिहिताना माझ्याच लक्षात आलं की हे वेडगळ वाटेल. बाकी टॅगला अलीकडे बरं वाटतंय. संध्याकाळ झाली की आपण होऊन उठतो, मागच्या दारापाशी जातो आणि शेपूट हलवतो. दीड वर्षात त्याने कधी कुणासाठी शेपूट हलवलं नव्हतं.

तुझी
आई


१८ नोव्हेंबर

प्रिय कर्स्टी,

तुमची तिकिटं निघाली हे वाचून मी ओट्याला धरून उभी राहिले. वीस डिसेंबर. ब्रायरने खाली पेन्सिलने लिहिलेली ओळ किती वेळा वाचली असेन ते विचारू नकोस. तिला नॅनाच्या म्हणजे माझ्या हातचा पावलोवा हवाय आणि वरची सगळी फळं तिची एकटीची.

पण मला वाटतं, या खेपेला नको. छप्पर गळतंय. पाण्याच्या टाकीचाही भरवसा नाही, मागे एकदा त्यात पॉसम पडून मेला होता. जानेवारीत या, म्हणजे तोवर मी सगळं ठीकठाक करते. आणि आलात तरी घरी उतरू नका. समुद्रावर मोटेल आहे, पोरीला तिथे मजा वाटेल. मी रोज तिकडे येईन. घराकडे यायची काही गरजच नाही.

किटलीबद्दल तू काही कुणाला सांगितलेलं नाहीस, असं लिहिलंस. ठीक आहे.

तू बाबांबद्दल लिहिलंस ते मला दुसऱ्यांदा वाचवलं नाही. की त्या नाताळनंतर सगळ्यांनी तुझ्याकडे बोट दाखवलं, मी तर दवाखान्यातच दाखवलं, पण बाबांनी तुला एका शब्दाने कधी दुखावलं नाही, उलट दर रविवारी फोन करून तुझी समजूत काढली. ब्रायरला त्यांच्या थडग्यावर फुलं वाहायला आणायचंय तुला. वाहा. दफनभूमी गावात आहे, तिकडे खुशाल जा. फक्त घरी येऊ नका.

तुझी
आई


२ डिसेंबर

कर्स्टी,

तुझं पत्र आज सकाळी आलं. लिहिलं आहेस, छप्पर गळत असेल तर बादली लावू, आम्ही येणारच, आणि आई, तुला आम्ही नकोच असू तर तसं सरळ लिही. ब्रायरने पिशवी भरून ठेवली आहे.

तर सरळ लिहिते. बसून वाच.

किटली रिकामी नाही. कधीच नव्हती. ऑगस्टपासून रोज संध्याकाळी साडेपाचला ती मागच्या पायरीवर भरलेली असते, काठोकाठ, वर फेस, आणि हात लावला तर कोमट लागते. मी ती गवतात ओतली. दुसऱ्या दिवशी परत भरलेली. ओढ्यात फेकून दिली. दुसऱ्या दिवशी पायरीवर, कडीला शेवाळ लटकलेलं, आणि आत दूध. आता डिसेंबरात साडेपाचला लख्ख ऊन असतं, अंधाराचं निमित्तही नाही. मी दाराच्या आत उभी असते. गमबूट काढताना भिंतीला पाठ टेकते त्याचा आवाज येतो, मग एक बूट, मग दुसरा. टॅग शेपूट हलवतो. दार उघडलं तर कुणी नसतं. टॅगच्या मिशा मात्र पांढऱ्या असतात.

त्या संत्र्याच्या जेलीचं सांगायचं राहिलं होतं. ग्लेनिसकडे तिच्या पट्टीवर एकच रेघ आली होती. मी ती झाकण लावून आणली, टेबलावर ठेवली आणि समोर खुर्ची घेऊन बसले. जागची हललेच नाही. साडेपाच झाले. झाकण कुणी उचललं नाही, शपथेवर सांगते. काचेच्या वाटीत ती जेली तळापासून पांढरी होत गेली, हळूहळू, वरपर्यंत. मी बघत होते. खोलीत गोठ्याचा वास भरला होता, धुतलेल्या फरशीचा आणि गायीच्या अंगाचा. मला इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती, आणि त्या भीतीतही मला कळत होतं की कोण आहे ते.

का करतो, तेही मला कळतं. ते तुला सांगितल्याशिवाय तू थांबणार नाहीस, म्हणून सांगते.

तीन वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या संध्याकाळी तू ब्रायरसाठी ओटच्या दुधाचं कस्टर्ड केलंस आणि वेगळ्या वाटीत काढून खिडकीत निवत ठेवलंस. मग तू तिला आंघोळ घालायला गेलीस. तुझा बाप, मर्व, धार आटोपून आला. किटली त्याच्या हातातच होती. मी सिंकपाशी बटाटे सोलत होते. त्याने वाटीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "हे पाणी कशाला पाजता पोरीला?" मग ओगराळं भरून टाकीतलं ताजं दूध त्यात घातलं आणि दोनदा सावकाश ढवळलं. मी त्याच्याकडे बघत होते. तो मला म्हणाला, "दुकानातलं दूध बाधतं गं. आपल्या गायीचं नाही बाधत." आणि डोळा मारला.

मी काही बोलले नाही, कर्स्टी. एकेचाळीस वर्षांत त्या माणसाला मी नाही म्हटलं नव्हतं, त्या दिवशीही म्हटलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. आमच्या बाजूला सगळ्यांनाच वाटतं. घरचं दूध, आपल्या हाताने काढलेलं, त्याने कुणाचं काय बिघडणार? तुमच्या त्या डॉक्टरांची थेरं आहेत, असं आम्ही दोघं तुझ्या पाठीमागे म्हणायचो.

पुढचं तुला माहीत आहे. तिचे ओठ सुजले, मग श्वास घेता येईना. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, हिने काय खाल्लं. मर्व भिंतीकडे बघत उभा होता आणि पांढराफटक पडला होता. मी त्याला वाचवायला तोंड उघडलं, आणि म्हणाले, "कर्स्टी, तूच चुकीचा डबा घेतला असशील." तू घरी येऊन कचऱ्याची बादली उपसलीस, डबा शोधायला. मी दारात उभी राहून बघितलं. वाटी तोवर मर्वने धुऊन टाकली होती.

म्हणून तो तुझ्याशी इतका चांगला वागायचा. दर रविवारी फोन करायचा. फोन ठेवला की गोठ्यात जाऊन बसायचा, जेवायलाही यायचा नाही. सांगून टाक म्हणून मी त्याला म्हणाले नाही, आणि त्याने मला विचारलं नाही. तो गेल्यावर वाटलं, आता तुला त्याच्याबद्दल तेवढी एक चांगली गोष्ट उरलीय, ती तरी कशाला हिरावून घेऊ. असं मी स्वतःला पटवलं. खरं म्हणजे तुला कळलं तर तू मला पुन्हा तोंड दाखवणार नाहीस, याचीच मला भीती होती. अजूनही आहे.

परवा मी त्याला नाही म्हणून बघितलं. मागचं दार उघडं टाकून उंबऱ्यात उभी राहिले. बूट काढल्याचा आवाज आला तेव्हा म्हणाले, "मर्व, पोरीला दूध चालत नाही. ती मरता मरता वाचली. आता पुरे." क्षणभर काहीच झालं नाही. टॅगसुद्धा थांबला. मला वाटलं, ऐकलं याने. मग माझ्या पाठीमागे, ओट्यावर, रिकाम्या वाटीत चमचा दोनदा फिरला, सावकाश.

तो ऐकणार नाही. तो वाईट नाहीये, कर्स्टी. त्याला अजूनही वाटतं की तो नातीचे लाड करतोय, आणि नातीला नीट खाऊ घातलं की सगळं भरून निघेल. म्हणूनच हे घर तिच्यासाठी कधीच सुरक्षित होणार नाही, मी कितीही घासलं, कितीही पट्ट्या बुडवल्या तरी. तिला इथे आणू नकोस. वीस तारखेला नाही, जानेवारीत नाही, कधीच नाही. मी वाट बघतेय, रोज बघतेय, आणि तरी सांगतेय, आणू नकोस.

मी घर सोडतेय. टॅगला ग्लेनिस ठेवून घेईल. तू बोलावलंस तर मी तिकडे येईन, आणि तुझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही. नाही बोलावलंस तर तेही मी समजून घेईन. ब्रायरला काय सांगायचं ते तू ठरव.

एक मात्र तुला माहीत असायला हवं. तू तिच्यासाठी काही गोड करत नाहीस, वाढदिवसाला कलिंगडावर मेणबत्ती लावतेस, ते मी तुझ्या मागच्या पत्रातल्या फोटोत पाहिलं आणि मला कळलं की तू तुझ्या स्वतःच्या हातांना घाबरतेस. घाबरू नकोस. त्या संध्याकाळी मर्व यायच्या आधी मी वाटीतलं चमचाभर कस्टर्ड चाखलं होतं. ओटचंच दूध होतं. डबा बरोबर होता, कस्टर्ड उत्तम झालं होतं, आणि तू कुठेच चुकली नव्हतीस. हे तुला दवाखान्यातच सांगायला हवं होतं.

माझ्यावर नंतर चीड. आज आधी पोरीला काहीतरी गोड करून घाल.

आई